ब्लॅक बेल्ट कपाटात, पांढरा कमरेला: मन मोकळं ठेवू की लक्ष एका जागी?

पांढरीपुन्हा

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी 11 वर्षं शोतोकान कराटे केलं. शोदान (पहिल्या पायरीचा ब्लॅक बेल्ट) झाले, शेवटची तीन वर्षं लहान मुलांची बॅचही घेत होते. मग तो क्लास बंद पडला. रोज जाता येईल इतक्या अंतरावर ज्युदोच होतं, म्हणून ज्युदो. चार महिने झाले. वय 38 आणि कमरेला पुन्हा पांढरा पट्टा. पट्ट्याचं वाईट वाटत नाही. (वाटतं. पण तो या धाग्याचा विषय नाही.)

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "जे येतं ते दाराशी ठेवून ये. मन मोकळं ठेव." मी मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात तेच सर मॅटच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "लक्ष कुठाय तुझं? एकच गोष्ट कर!" मला दोन्ही पटतं आणि दोन्ही एकदम जमत नाही. मोकळं ठेवलं की मन सगळीकडे जातं, एका जागी लावलं की जुन्याच जागी जाऊन बसतं.

परवाचं उदाहरण देते. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावात, माझी जोडी एका 16 वर्षांच्या मुलीशी लागली. ऑरेंज बेल्ट, वजन माझ्यापेक्षा कमी, मला काकू म्हणते. चार मिनिटांत तिने मला सात वेळा पाडलं. साती वेळा देआशी-बाराई, पुढे येणारं पाऊल झाडायचा डाव. माझं उजवं पाऊल पुढे येतं, टेकतंय न टेकतंय तोच तिचा तळवा घोट्याला लागतो आणि मला छत दिसतं. दुसऱ्यांदा पडल्यावर वाटलं, आपला स्टान्स फार लांब आहे. तिसऱ्यांदा आदल्या रात्री पाहिलेला व्हिडिओ आठवला. चौथ्यांदा मनात "कराटेत असतो तर एव्हाना" असं एक वाक्य सुरू झालं होतं, ते पूर्ण व्हायच्या आत पाठ मॅटला. पुढच्या तिन्ही वेळा काय विचार करत होते तेही आठवत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. ग्रिप घेऊन मी आत वळायला जाते आणि माझा डावा हात तिची बाही सोडून थेट कमरेशी येऊन बसतो. मूठ वर, कोपर मागे. 11 वर्षांचा हिकिते, म्हणजे मागे खेचायचा हात. मी मुलांना हेच शिकवायचे की उजवा हात जितका जोरात जाईल तितकाच डावा जोरात मागे यायला हवा. आता तो हात माझं ऐकत नाही.

वहीत 43 थ्रोंची नावं उतरवली आहेत. रात्री व्हिडिओ बघून बाणबिण काढते. त्यातला एकही उभ्या माणसावर लागत नाही.

तर प्रश्न असा: आधीचं येत असताना नवं शिकलेल्या लोकांनी काय केलं? खरंच दाराशी ठेवता येतं का? आणि वही बंद करू का?

जुनीतातामी

ताई, मी 30 वर्षं ज्युदो केलं, आता गुडघे परवानगी देत नाहीत म्हणून कडेला बसून आवाज करतो. आधी तुमच्या डाव्या हाताबद्दल.

ज्युदोतही हिकिते आहे. शब्द तोच. बाही धरणारा, खेचणारा हात तो हिकिते आणि कॉलरवरचा, उचलून घेणारा तो त्सुरिते. म्हणजे तुमचा हात भलतीकडे जात नाहीये, रिकामा परत येतोय एवढंच. बाही मुठीत राहू द्या आणि मग काय होतं ते बघा. ओसोतो-गारीत (मागून पाय झाडून पाडायचा डाव) बाहीचा हात जवळपास तुमच्याच कमरेकडे खाली येतो. सेओई-नागेत (पाठीवरून फेकायचा डाव) मात्र आधी वर आणि बाहेर, मनगटावरचं घड्याळ बघावं तसा, करंगळी वरच्या बाजूला. म्हणजे 11 वर्षांतलं निम्मं काम झालेलं आहे. तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, दाराशी काही ठेवू नका. चपला सोडून.

आता मोकळ्या मनाचं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी जुजुत्सू शिकत होते तेव्हा त्यांच्या आखाड्यात एक दणकट, जड जोडीदार होता. काही केल्या पडायचा नाही. कानोंनी आधी सुमोतले डाव करून पाहिले, जमेना. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं उघडली, त्यात खांद्यावर आडवं उचलायचा एक डाव सापडला. तो घासून घेतला आणि त्या माणसाला उचलून टाकला. तीच पुढे काता-गुरुमा. 1882 मध्ये कोदोकान, म्हणजे ज्युदोची मूळ शाळा, काढलं तेव्हा कानो 21 वर्षांचे होते. तोवर जुजुत्सूच्या तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू अशा दोन वेगळ्या शाळांत शिकणं सुरू झालं होतं. एवढं मोकळं मन! पण त्या ग्रंथालयात ते कशाला गेले ते बघा. हा एक माणूस पडत नाही, एवढाच प्रश्न खिशात होता.

तुमच्या वहीत 43 उत्तरं आहेत. प्रश्न कुठाय? कोदोकान आज 68 थ्रो मानतं, सगळे उतरवले तरी ती पोरगी तुमचं पाऊल उचलणारच.

(दुर्दैव बघा, कानोंनी इतक्या खटपटीने आणलेली ती काता-गुरुमा पाय धरून मारली तर आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही. 2010 पासून पाय धरण्यावर बंधनं आली. माझा अर्धा ज्युदो तिथेच बाद झाला. असो.)

आणि तुमचा तो कपाटातला काळा पट्टा, ती पद्धतही कराटेने ज्युदोकडूनच घेतली. तुमच्या शोतोकानचे जनक फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून तोक्योला आले, तेव्हा पन्नाशी उलटली होती त्यांची. कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं. स्वतःची कला उभी केलेला माणूस दुसऱ्याची कला बघायला बसतो, मला या गोष्टीचं फार वाटतं.

चारपट्टे

माझ्याकडे चार पांढरे पट्टे आहेत. कराटे, ज्युदो, आयकिदो, तायक्वांदो. दहा वर्षं. एकातही दुसरा रंग नाही. दर वेळी कंटाळा आला की मी त्याला "मन मोकळं ठेवणं" म्हणायचो, फार सोयीचं पडतं. वही जाळ.

जुनीतातामी

जाळू नका हो. उलटी करून मागच्या पानापासून सुरू करा.

पांढरीपुन्हा

@जुनीतातामी दादा, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. उठले, नवऱ्याचा जुना कोट खुर्चीच्या पाठीला घातला, डाव्या हाताने बाही धरली आणि साधा गोहोन कुमितेतला (पाच पावलांच्या जोडी-सरावातला) ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारला. हिकिते नेहमीसारखा कमरेशी आणला, फक्त बाही सोडली नाही. खुर्ची माझ्या अंगावर आली. चारी पायांसकट सरकत आली आणि पुढचे दोन पाय उचलले गेले.

मी बराच वेळ तशीच उभी होते. हेआन शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत) 21 काउंट आहेत, त्यातल्या बहुतेक प्रत्येकात एक हात कमरेला येतो. हा काता मी किती हजार वेळा केला असेन देव जाणे, आणि इतकी वर्षं त्या मुठीत कुणी नव्हतंच. आमच्याकडे बुंकाईत, म्हणजे कातातल्या हालचालींचा अर्थ शिकताना, एकदोनदा सांगितलं होतं की हा हात समोरच्याला धरून ओढण्यासाठीही आहे. मी ते परीक्षेत सांगायचं उत्तर म्हणून पाठ केलं होतं. मुलांनाही तसंच सांगितलं. त्याचं आता जरा खातंय.

@चारपट्टे, जाळणार नाही. पण रात्रीचे व्हिडिओ बंद केलेत. आज चौथा दिवस, हात शिवशिवतात.

एक मात्र अडतंय. "एकच प्रश्न" घेऊन मॅटवर गेले तर मी खालीच बघत बसते. परवा तिच्या पायाकडे टक लावून होते, तिने वरून चीत केलं. हे लक्ष की आंधळेपणा?

शिनाई_आणि_मी

ताई, या शेवटच्या ओळीसाठी लॉगिन केलं. मी केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, करते, सहा वर्षं झाली.

आमच्याकडे हे पहिल्याच महिन्यात होतं. मला समोरच्याचं कोते, म्हणजे मनगट, मारायचं होतं म्हणून मी मनगटाकडे बघायचे. समोरच्या बाईंना ते मेनच्या (शिरस्त्राणाच्या) जाळीतूनही दिसायचं. मनगट जरासं उघडं टाकायच्या, मी धावून जायचे आणि टणकन डोक्यावर पडायची. दहापैकी नऊदा. बाई नंतर म्हणाल्या, "तुझे डोळे मला आधीच सांगतात, शिनाई मागून येते." (शिनाई म्हणजे सरावाची बांबूची तलवार.)

नजर कशी ठेवायची त्याला एन्झान नो मेत्सुके म्हणतात, दूरच्या डोंगराकडे बघावं तशी. डोंगर बघताना आपण एका झाडावर डोळा रोखत नाही, तरी एखादं झाड हललं तर कळतं. चेहऱ्याच्या बाजूला नजर सैल ठेवायची, पाय, हात, खांदे सगळे त्यात येतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही असं वाटतं. चालतं.

सतराव्या शतकात ताकुआन नावाच्या झेन भिक्षूने शोगुनच्या तलवारशिक्षकाला, याग्यू मुनेनोरीला, याच दुखण्यावर लिहिलं होतं. समोरच्याच्या तलवारीवर मन थांबलं की ते तलवारीच्या ताब्यात गेलं, आपल्या तलवारीवर थांबलं की आपल्या तलवारीच्या ताब्यात. त्याने हजार हातांच्या कान्नोनचा, करुणेच्या बोधिसत्त्वाचा, दाखला दिलाय: धनुष्य धरलेल्या एका हातावर मन थांबलं, तर उरलेले 999 हात नुसते लोंबकळतील.

मला हे वाचून सुरुवातीला रागच आला होता. मन कुठेच ठेवायचं नाही तर ठेवायचं कुठे? मग हळूहळू उमगलं की थांबणं वेगळं आणि असणं वेगळं. तुम्ही चौथ्यांदा पडलात तेव्हा मन "कराटेत असतो तर" वर थांबलं होतं. परवा तिच्या पायावर थांबलं. थांबलं दोन्हीकडे. केंदोत चार रोग मोजतात: दचकणं, भिणं, शंका येणं, गोंधळणं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला शेवटचे दोन ठळक दिसले. माझा मुक्काम अजून पहिल्यावर आहे, समोरून कुणी किआई (आरोळी) दिली की आजही डोळे मिटतात.

प्रश्न मॅटवर चढायच्या आधी मनात म्हणा आणि मग सोडून द्या. पडल्यावर पुन्हा आठवा. मधल्या वेळात डोंगर.

पायरीपायरी

मी खेळाडूंच्या सरावाचे आराखडे बनवतो, मार्शल आर्टवाला नाही. वरचं सगळं वाचून थोडा वेगळा सूर लावतो.

"एकच गोष्ट कर" याचा अर्थ "एकच गोष्ट सलग शंभरदा कर" असा सगळे घेतात. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. हातात टेनिस बॉल घेऊन लाकडी अडथळे ठरलेल्या क्रमाने पाडायचे, असे तीन क्रम, प्रत्येकाचे 18 सराव, एकूण 54. एका गटाने एक क्रम संपवून मग दुसरा घेतला. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून दिले. सरावात पहिला गट भराभर सुधारला आणि मिसळलेला गट चाचपडत राहिला. पण 10 मिनिटांनी आणि पुन्हा 10 दिवसांनी परीक्षा घेतली, तर मिसळून करणाऱ्यांच्या हातात जास्त टिकलं होतं.

कारण साधारण असं सांगतात की दर वेळी मेंदूला हालचाल पुन्हा जुळवावी लागते. सलग करताना आधीचीच पुढे ढकलली जाते. सलग करताना "जमतंय" वाटतं ते फसवं असतं.

तेव्हा उचिकोमी (न फेकता डावात शिरायचा पुन्हापुन्हा सराव) 50 एका दमात करण्यापेक्षा दहा ओसोतो, दहा पावलांची चाल, दहा ग्रिप सोडवणं, पुन्हा ओसोतो, असं करून बघा. अगदी नवी हालचाल असेल तर मात्र आधी थोडी सलग करावी लागते, तिचा आकार डोक्यात बसेपर्यंत. आणि मिसळायच्या गोष्टी तीनच. 43 नाही!

जुनीतातामी

पायरीपायरी, आमच्या काळी 200 उचिकोमी सलग व्हायच्या आणि आम्ही पाडायचो माणसं.

पायरीपायरी

दादा, आणि रांदोरी किती तास करायचात?

जुनीतातामी

दोन-अडीच तास. बरं. कळलं.

पांढरीपुन्हा

सहा आठवडे झाले, कुणी विचारलं नाही तरी सांगते.

वहीचं मागचं पान उघडलं आणि एकच ओळ लिहिली: "माझं उजवं पाऊल टेकतं तेव्हा माझं वजन कुठे असतं?" सरांना दाखवली. ते हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "चालून दाखव." मी मॅटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ते म्हणाले, "तू पाऊल टाकत नाहीस, पोचवतेस."

आता समजावून सांगते, कराटेवाल्यांना लगेच पटेल. झेनकुत्सु या लांब स्टान्समध्ये 60 टक्के वजन पुढच्या पायावर. ओइ-झुकीत (पुढे पाऊल टाकून मारायच्या ठोशात) पाऊल टेकणं आणि वजन तिथे पोचणं एकदम व्हायला हवं, त्यावरच ठोसा उभा. मी रांदोरीतही तसंच पाऊल टाकत होते. देआशी-बाराईला नेमका तोच क्षण लागतो: वजन पायावर येऊ घातलंय, पाय अजून पक्का नाही. म्हणजे मी दर पावलाला तिला आमंत्रण देत होते, आणि तेही ठरावीक तालात. तिने कशाला दुसरा डाव शोधावा?

मग चाल. आखूड पाऊल, तळवा मॅटला घासत. धड दोन पायांच्या मधे. शब्दांत सोपं आहे. पहिले दोन आठवडे मी रोबोसारखी चालत होते आणि आधी पडायचे त्यापेक्षा जास्त पडले. एक दिवस 11 वेळा. त्या रात्री मोह झालाच: देआशी-बाराई चुकवून तिलाच उलटा झाडणारा त्सुबामे-गाएशी आहे ना, त्याचे चार व्हिडिओ पाहिले. दुसऱ्या दिवशी करायला गेले. पाय वेळेआधी उचलला आणि एका पायावर उभी असताना तिने काहीच न करता मला नुसतं ढकललं. सगळा हॉल हसला, मीही. त्यानंतर व्हिडिओ खरोखर बंद.

पायरीपायरीचं मिसळण दर सरावाला करतेय: चाल, ओसोतो, ग्रिप. सलग करताना बरं वाटायचं, हे करताना मूर्ख वाटतं. पण बाही सुटायची थांबली. कधी थांबली ते कळलं नाही, एका दिवशी जोडीदार म्हणाला, "मनगट सोड की आता, थ्रो संपलाय."

@शिनाई_आणि_मी, डोंगर अजून पूर्ण जमत नाही. साधारण दीड मिनिट टिकतो, मग मी कुठेतरी जाऊन बसते. पण आता पडल्यावर उठताना कळतं की मन कुठे होतं. पूर्वी तेही कळत नव्हतं.

परवा पुन्हा तीच जोडी. चार मिनिटं. देआशी-बाराई तिने पाच-सहा वेळा टाकली, एकदा लागली. बाकीच्या वेळी तिचा पाय माझ्या पायाखालून नुसता सरकून गेला. शेवटच्या मिनिटात तिने वैतागून आत येऊन ओसोतो-गारी मारला आणि मी आडवी. उठताना म्हणाली, "काकू, आज जड झालायत." वजन दीड किलो कमी झालंय माझं!

सराव संपल्यावर तिने मला थांबवून विचारलं की मी आधी हात कमरेला का न्यायचे. मी तिची बाही धरली आणि दाखवलं. तिने चारदा परत करायला लावलं. मग म्हणाली, ते ठोसा मारायचं पण दाखवा. गेल्या आठवड्यापासून सराव संपला की दहा मिनिटं मी तिला कराटे शिकवते. ती फार वाईट विद्यार्थी आहे, सारखी माझी बाही धरते.

चारपट्टे

मी परत गेलो. ज्युदोलाच. पाचवा पट्टा घेतला नाही, जुनाच शोधून काढला.

पांढरीपुन्हा

अरे वा! किती दिवस झाले?

चारपट्टे

नऊ. विषयांतर करतो: पायाची करंगळी बाजूच्या बोटापासून फाकून दुखतेय. तुमची ती मॅट घासत चालायची पद्धत केली. टेप कशी लावता?

पांढरीपुन्हा

सूज किंवा काळंनिळं असेल तर आधी डॉक्टरला दाखव, टेपने मोडलेलं लपतं फक्त. नुसती ताणली असेल तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र बांध. दोन बोटांच्या मधे कापसाची पातळ घडी ठेव, नाहीतर घामाने कातडी सोलते. टेप सांध्यावर नको, सांध्याच्या वर एक वेढा आणि खाली एक, बोट वाकलं पाहिजे. शेवटचं टोक वरच्या बाजूला ठेव. तळव्याखाली ठेवलंस तर तिसऱ्या पावलाला सुटून मॅटला चिकटेल, आणि मग सर विचारतील, हे कुणाचं.